मातीआडची साक्ष

चर्चभोवतीची जमीन इतर जमिनीसारखी नसते. तिच्यावर ज्या कुटुंबांनी गुडघे टेकले, त्याच कुटुंबांची माणसे तिच्याखाली विसावलेली असतात. दरवर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आपण कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि धर्मगुरू कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. परंतु ज्यांच्या कबरीवर ना दगड उरला ना लाकडी क्रूस, ज्यांचे नाव सांगणारा शेवटचा नातेवाईकही आज हयात नाही, अशांच्या जागेवरून आपण नकळत पावले टाकीत जातो. आजवर त्यात कुणाला दोष देण्याचे कारण नव्हते. माती बोलत नाही आणि खणून पाहिल्याविना तिच्या पोटात काय आहे ते कळत नाही, अशीच सर्वांची समजूत होती.

ही समजूत आता खरी राहिलेली नाही. आकाशातून घेतलेली छायाचित्रे आणि जमिनीवरून फिरविली जाणारी मोजमापाची यंत्रे यांच्या साहाय्याने कुदळीचा एकही घाव न घालता मातीखालच्या भिंती, चर आणि कबरींचे खड्डे यांचा माग काढता येतो. पुराणवस्तुशास्त्राचा हा विषय वरकरणी आपल्यासारख्या सामान्य भाविकांच्या कक्षेबाहेरचा वाटेल. तथापि गेल्या काही वर्षांत ही यंत्रे थेट चर्चच्या अंगणात, चर्चच्या तळघरात आणि चर्चसंस्थांनी चालविलेल्या वसतिगृहांच्या आवारात फिरली आणि त्यांतून जे प्रश्न उभे राहिले ते शास्त्राचे कमी व सदसद्विवेकाचे अधिक आहेत. मातीखाली काहीतरी आहे असा संशय यंत्राने व्यक्त केला, तर ख्रिस्ती माणसाने काय करावे? तो संशय म्हणजेच सत्य मानावे, की सिद्ध झालेले नाही म्हणून त्याकडे पाठ फिरवावी? या प्रश्नाचा विचार करण्याचा हा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम ही विद्या समजून घेऊ. आकाशातून प्राचीन अवशेष शोधण्याच्या कामाचा पाया घालणाऱ्यांत एका येशूसंघीय धर्मगुरूचे नाव आदराने घेतले जाते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. फादर अँतुआन प्वादबार हे १८७८ साली फ्रान्समधील लियों शहरी जन्मले. १९२५ ते १९३२ या काळात फ्रेंच वायुदलाच्या विमानांतून त्यांनी सीरियाच्या वाळवंटावर उड्डाणे केली आणि रोमन साम्राज्याच्या सीमेवरील रस्ते, गढ्या व विहिरी यांचा नकाशा तयार केला. त्यांची रीत साधी होती. सूर्य माथ्यावर असताना वाळवंट सपाट दिसते. पण सकाळी अथवा सायंकाळी किरणे तिरपी पडली म्हणजे वीतभर उंचीचा उंचवटाही लांब सावली टाकतो. जमिनीवरून चालणाऱ्या उंटवाल्याला जो केवळ वाळूचा ढिगारा वाटतो, तोच वरून पाहणाऱ्याला चौकोनी गढीचा पाया म्हणून ओळखू येतो.

शेतजमिनीत हेच काम पिके करतात. मातीखाली दगडी भिंत असेल तर वरचा मातीचा थर पातळ असतो, ओल टिकत नाही, आणि त्या रेषेवरचे पीक खुरटून लवकर पिवळे पडते. उलटपक्षी जुना बुजलेला चर असेल तर तेथे माती खोल व ओली असल्याने पीक जोमाने वाढते. अवर्षणाच्या वर्षी हा भेद अधिक स्पष्ट होतो. बांधावर उभे राहणाऱ्याला हिरव्यापिवळ्या छटांखेरीज काही दिसत नाही. विमानातून मात्र त्या छटांतून इमारतीचा संपूर्ण आराखडा उमटतो.

या विद्येने ख्रिस्तसभेला दिलेली एक देणगी येथे सांगितली पाहिजे. तुर्कस्तानातील इझनिक म्हणजेच पूर्वीचे निकेया. ज्या धर्मसभेने आपल्या श्रद्धेच्या प्रकटीकरणाला शब्दरूप दिले ती सभा ३२५ साली याच नगरात भरली होती. त्या नगराच्या काठावरील सरोवरात, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, अवघ्या दीडदोन मीटर पाण्याखाली एका प्राचीन चर्चचे अवशेष आहेत, हे २०१४ साली हवाई छायाचित्रांवरून उघडकीस आले. मुस्तफा शाहीन हे पुराणवस्तुशास्त्रज्ञ त्या परिसरात त्याआधी कित्येक वर्षे पाहणी करीत होते. तरी काठावरून जे दिसले नाही ते वरून घेतलेल्या चित्रात लख्ख दिसले. हे चर्च चौथ्या शतकाच्या अखेरीचे, म्हणजे धर्मसभेनंतरचे असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी परमगुरू पोप लिओ चौदावे यांनी धर्मसभेच्या सतराशेव्या वर्षानिमित्त याच अवशेषांपाशी इतर ख्रिस्ती पंथांच्या प्रमुखांसमवेत प्रार्थना केली. विखुरलेल्या ख्रिस्तसभेची माणसे एका बुडालेल्या चर्चपाशी एकत्र आली, त्याला एक हवाई छायाचित्र कारण झाले.

आकाशातून दिसत नाही ते जमिनीवरच्या यंत्रांनी शोधतात. १९४६ साली इंग्लंडमधील डॉर्चेस्टर येथे रिचर्ड ॲटकिन्सन यांनी जमिनीत सळया रोवून तीतून विजेचा सौम्य प्रवाह सोडला आणि माती त्याला किती विरोध करते ते मोजले. दगडी भिंत प्रवाह अडविते, ओलसर चर त्याला वाट देतो. या फरकावरून मातीखालच्या रचनेचा अंदाज बांधता येतो. पुढे भट्ट्या व चुली यांसारख्या भाजलेल्या मातीचा चुंबकीय प्रभाव मोजणारी उपकरणे आली. त्यानंतर आले रडार. लहान हातगाडीसारखे हे यंत्र जमिनीवरून सरळ रेषांत ढकलीत नेतात. ते मातीत लहरी सोडते. मातीचा पोत जेथे बदलतो तेथून त्या लहरी परततात, आणि परतण्यास लागलेल्या वेळेवरून खोली समजते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी, कारण पुढचा सारा विचार तिच्यावर उभा आहे. हे रडार हाडे पाहत नाही. ते केवळ इतकेच सांगते की अमुक ठिकाणी, अमुक खोलीवर, माती आजूबाजूच्या मातीहून निराळी आहे. कधीकाळी कुणीतरी तेथे खड्डा खणून पुन्हा बुजविला असावा. तो खड्डा कबरीचा असेल. पाण्याच्या नळाचा असेल. झाडाच्या मुळांनी माती भुसभुशीत झाली असेल. एखादा मोठा धोंडा असेल. शिवाय चिकणमाती व खारट ओल असलेल्या जमिनीत लहरी लवकर विरतात आणि यंत्राची दृष्टी मंदावते. म्हणून या क्षेत्रातील प्रामाणिक माणसे आपल्या अहवालात ‘कबर’ असा शब्द सहसा लिहीत नाहीत. ते ‘विसंगती’ असे म्हणतात. फार तर ‘संभाव्य कबर’ म्हणतात. हा शब्दांचा कीस नव्हे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा यंत्राचा अहवाल वाचणाऱ्यालाही लागू आहे.

त्या एका शब्दाला केवढे मोल आहे, हे २०२१ साली कॅनडात दिसून आले. त्या देशात मूळ रहिवासी जमातींच्या मुलांना आईबापांपासून तोडून वसतिशाळांत ठेवण्याची पद्धत शासनाने शतकाहून अधिक काळ राबविली. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. बहुतेक शाळा चालविण्याचे काम ख्रिस्ती मिशनांकडे होते आणि त्यांत कॅथलिक संस्थांचा वाटा मोठा होता. मुलांची भाषा, नाव, केशरचना, सारेच पुसून टाकण्याचा तो उद्योग होता. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील कॅमलूप्स येथील अशी शाळा १९६९ पर्यंत चर्चच्या व्यवस्थेखाली होती व १९७८ साली बंद झाली. मे २०२१ मध्ये तेथील जमातीने रडारच्या पाहणीवरून जाहीर केले की शाळेच्या आवारात २१५ मुलांचे अवशेष आढळले आहेत. जगभरची वृत्तपत्रे त्या बातमीने भरून गेली. ‘सामूहिक कबर’ असे शब्द कुणीतरी वापरले आणि ते सर्वत्र पसरले. त्या उन्हाळ्यात कॅनडातील कित्येक चर्चवास्तूंची नासधूस झाली, काही जाळण्यात आल्या. त्यांत मूळ रहिवाशांच्या स्वतःच्या वस्त्यांतील चर्चेसही होती. पुढे जुलैमध्ये पाहणी करणाऱ्या तज्ज्ञ बाईंनीच स्पष्ट केले की ही संख्या सुमारे २०० ‘संभाव्य’ कबरींची आहे आणि उत्खननाविना निश्चित काही सांगता येणार नाही. परंतु आधीच्या अर्ध्या वाक्याने जगाला जे सांगावयाचे ते सांगून झाले होते.

त्याच वर्षी जूनमध्ये सस्कॅचवान प्रांतातील काऊएसेस जमातीने आपल्या दफनभूमीत ७५१ खुणा आढळल्याचे जाहीर केले. जमातीच्या प्रमुखांनी त्याच वेळी सांगितले की ही सामूहिक कबर नव्हे. येथे कबरीच आहेत, पण त्यांच्यावरील खुणा १९६० च्या दशकात काढून टाकण्यात आल्या. आणि येथे केवळ शाळेची मुलेच पुरली आहेत असेही नाही. म्हणजे येथे प्रश्न मृत्यू कसा झाला याचा कमी, आणि मृतांच्या डोक्यावरचे नाव का पुसले याचा अधिक होता. पुढे जुन्या नोंदी आणि वृद्धांच्या आठवणी यांच्या आधारे त्यांतील सुमारे ३०० जणांची नावे जुळविण्यात आली.

तिसरे उदाहरण मॅनिटोबा प्रांतातील पाइन क्रीकचे आहे, आणि आमच्या मते ते सर्वांत बोधप्रद आहे. तेथील ‘सप्तदुःखांची माता’ या चर्चच्या तळघरात रडारने चौदा विसंगती दाखविल्या. शाळेत शिकून गेलेल्या वृद्धांच्या मनात त्या तळघराविषयी वर्षानुवर्षे भयाण शंका होत्या. जमातीने केवळ यंत्राच्या अहवालावर थांबावयाचे नाही असे ठरविले. २०२३ च्या उन्हाळ्यात चार आठवडे विद्यापीठातील पुराणवस्तुशास्त्रज्ञांनी ते तळघर काळजीपूर्वक खणून पाहिले. मानवी अवशेष सापडले नाहीत. १८ ऑगस्ट रोजी जमातीच्या प्रमुखांनी तो निष्कर्ष कोणताही आडपडदा न ठेवता जाहीर केला आणि सोबत हेही सांगितले की, यामुळे त्या शाळेत मुलांनी जे भोगले ते खोटे ठरत नाही.

हे वृत्त ऐकून काहींना हायसे वाटले असेल, आणि ते स्वाभाविक आहे. आपल्या चर्चच्या तळघरात लेकरांची हाडे नाहीत हे कळून कुणाला दुःख होईल? परंतु येथेच दोन मोह आपली वाट पाहत उभे असतात.

पहिला मोह निवाडा करण्याच्या घाईचा. विसंगती दिसली की प्रेत धरावे, प्रेत धरले की खून धरावा, आणि खून धरला की दारात जो पहिला धर्मगुरू दिसेल त्याला खुनी म्हणावे. दुःखी माणसाचा संताप आम्ही समजू शकतो. तथापि संतापाच्या भरात ज्यांची चर्चेस जळाली त्यांत त्याच जमातींच्या आजीआजोबांचे बाप्तिस्मे झाले होते, त्यांचीच लग्ने तेथे लागली होती. सत्य निघण्यापूर्वीच दिलेली शिक्षा बहुधा चुकीच्या घरी जाऊन पोचते.

दुसरा मोह अधिक सूक्ष्म आहे आणि आपणा चर्चच्या माणसांना तोच अधिक घातक आहे. तो असा की, एका तळघरात काही सापडले नाही म्हणजे सारेच कुभांड होते असे म्हणून हात झटकावेत. असे म्हणणाऱ्यांनी कागद वाचलेले नसतात. कॅनडाच्या सत्यशोधन व समेट आयोगाने २०१५ साली आपला अंतिम अहवाल दिला, तो रडारवर आधारलेला नव्हता. त्यात या शाळांतील किमान ३,२०० मुलांच्या मृत्यूच्या नोंदी आहेत. आणि त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलांची नावेसुद्धा शासनाने वा शाळेने लिहून ठेवलेली नाहीत. क्षयासारख्या रोगांनी, कोंदट खोल्यांत आणि अपुऱ्या आहारावर ती मुले गेली. अनेकांची शरीरे घरी पाठविण्यात आली नाहीत. यंत्राविषयीची शंका त्या नोंदवह्यांवर पांघरूण घालू शकत नाही. पोप फ्रान्सिस यांनी १ एप्रिल २०२२ रोजी रोममध्ये आणि त्याच वर्षी २५ जुलैला कॅनडातील मास्क्वासिस येथे जाऊन क्षमायाचना केली, ती जमिनीत किती कबरी निघतात याची वाट न पाहता. जे निःसंशय सिद्ध होते तेवढे क्षमायाचनेला पुरेसे होते.

आयर्लंडमधील टूम गावची हकिगत या दुसऱ्या मोहाला उत्तर देते. तेथे १९२५ ते १९६१ या काळात अविवाहित माता व त्यांची बालके यांच्यासाठी एक आश्रम होता. इमारत स्थानिक शासनाची, पण कारभार धर्मभगिनींचा. कॅथरिन कॉर्लेस नावाच्या स्थानिक इतिहास अभ्यासक गृहिणीने मृत्यूचे दाखले एकेक करून मिळविले. त्या आश्रमात मरण पावलेल्या ७९६ बालकांची नावे तिला मिळाली. परंतु ती बालके कोठे पुरली याच्या नोंदी जवळजवळ नव्हत्याच. तिने हा प्रश्न उपस्थित केला तेव्हा सुरुवातीला पुष्कळांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले, काहींनी हेटाळणीही केली. पुढे शासनाने चौकशी आयोग नेमला. आयोगाने आधी त्या जागेची भूभौतिक पाहणी केली, यंत्राने दाखविलेल्या ठिकाणी चाचणी उत्खनन केले, आणि ३ मार्च २०१७ रोजी जाहीर केले की सांडपाण्याशी संबंधित असलेल्या एका भूमिगत बांधकामाच्या कप्प्यांत बालकांचे अवशेष मोठ्या संख्येने आहेत. त्यांत पूर्ण दिवस न भरलेल्या अर्भकांपासून दोनतीन वर्षांच्या मुलांपर्यंतचे अवशेष होते. त्यानंतर २०२२ साली आयर्लंडने यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि जुलै २०२५ मध्ये त्या जागेचे संपूर्ण उत्खनन सुरू झाले. प्रत्येक बालकाची शक्य असल्यास ओळख पटवावी आणि त्याला सन्मानाने मूठमाती द्यावी, हा त्यामागचा हेतू आहे.

पाइन क्रीक आणि टूम येथील निष्कर्ष परस्परविरुद्ध आहेत. पण शोधाची रीत दोन्हीकडे एकच आहे. लोकांची आठवण ऐकली, कागद तपासले, यंत्राने जमीन पाहिली, यंत्राचा शब्द अखेरचा न मानता माती उघडली, आणि जे निघाले अथवा निघाले नाही ते उघडपणे सांगितले. या क्रमातील एखादी पायरी गाळली की अन्याय होतो. कधी मेलेल्यांवर, कधी जिवंतांवर.

धीराने शोध घेण्याचे एक उदाहरण आपल्या शेजारीही आहे. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टिन चर्चच्या भग्नावशेषांत जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिच्या अस्थी असाव्यात असे जुन्या कागदांतून ठाऊक होते. १६२४ साली शिराज येथे श्रद्धेखातर तिचा छळ होऊन ती मारली गेली आणि ऑगस्टिन संघाच्या धर्मगुरूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यास आणला होता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात २००४ साली तेथे एक हाड मिळाले. तेवढ्यावर कुणी घोषणा केली नाही. हैदराबादच्या प्रयोगशाळेतील जनुकीय तपासणीचा निष्कर्ष २०१३ साली आला, आणि तोही ‘हे अवशेष राणीचे असण्याचा संभव मोठा आहे’ एवढ्याच बेताने मांडला गेला. २०२१ साली भारताने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला सुपूर्द केला. हुतात्म्याच्या हाडाबाबत आपण इतका संयम ठेवू शकतो, तर आरोपाच्या हाडाबाबतही तो ठेवता आला पाहिजे.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो भाविकांच्या मनातून येतो आणि त्याला वजन आहे. मृतांना शांतपणे विसावू द्यावे. त्यांची माती उकरण्यात कसले पुण्य? शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर होते आणि ते पुनरुत्थानाच्या आशेने मातीच्या स्वाधीन केलेले आहे, अशी आपली श्रद्धा आहे. म्हणून केवळ कुतूहलापोटी, वा संग्रहालयाची कपाटे भरण्यासाठी, वा कुणाचा वाद जिंकण्यासाठी कबर उघडणे आम्हास मान्य नाही. न खणता पाहता येणे हा या यंत्रांचा मोठा उपकार याच दृष्टीने आहे. कुठे काय आहे ते कळले म्हणजे ते तसेच राहू देण्याचा निर्णयही जाणतेपणाने घेता येतो. ज्याला सन्मानाने पुरले, ज्याच्यावर अंत्यविधीची प्रार्थना झाली, त्याचे नाव आज विस्मृतीत गेले असले तरी त्याची झोप मोडण्याचे कारण नाही.

परंतु टूमच्या कप्प्यांतील बालकांना कुणी मूठमाती दिलेलीच नव्हती. त्यांची शांती भंगते असे कसे म्हणावे? पवित्र पुस्तकातील तोबीताची कथा येथे आठवते. परदेशात, राजाच्या भीतीने सारे गप्प असताना, रस्त्यावर टाकलेल्या आपल्या बांधवाचे प्रेत उचलण्यासाठी तो पुढ्यातले जेवण सोडून उठला. शेजाऱ्यांनी त्याला वेड्यात काढले. आपल्या ख्रिस्तसभेने मृतांना पुरणे हे दयेच्या कृत्यांत गणले आहे. शेवटचे म्हणून गणले असेल, पण गणले आहे. ज्याला कुणी पुरले नाही त्याला शोधून पुरणे हे त्याच कृत्याचे पहिले पाऊल आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या खुनानंतर देवाने भावाची चौकशी केली ती याच अर्थाची होती. मातीतून येणारी हाक देवाला ऐकू आली. ऐकू आली नाही असे म्हणणारा मात्र भाऊच होता.

हा विचार दूरच्या देशांपुरता ठेवून चालणार नाही. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार बाप्तिस्मा न होता दगावलेल्या बालकांना चर्चविधीपूर्वक दफन मिळत नसे. आयर्लंडमध्ये अशा बालकांना गावाबाहेर, जुन्या पडक्या भिंतींच्या आश्रयाने, बहुधा अंधारात पुरीत; त्या जागांना तेथे वेगळे नावच आहे. १९८३ च्या संहितेने वाट मोकळी केली. पालकांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा होती पण त्याआधीच बालक गेले, तर धर्मप्रांताधिकाऱ्यांच्या अनुमतीने त्याला चर्चचा अंत्यविधी मिळू शकतो. नियम बदलला, पण जुन्या नियमाच्या काळात जी आई एकटीच रडली, तिचे बालक कोणत्या भिंतीपलीकडे आहे हे बदललेल्या नियमाने सांगितले नाही. ते शोधावयाचे तर माणसालाच शोधावे लागते.

आपल्या धर्मग्रामांत महागडी यंत्रे फिरविण्याची आज गरज आहे, असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडील पहिले यंत्र म्हणजे दफनाची नोंदवही. ती वाळवीपासून वाचली आहे काय, तिची दुसरी प्रत आहे काय, दफनभूमीचा नकाशा कुणी काढला आहे काय, कबर पुन्हा उघडून दुसऱ्यासाठी वापरली जाते तेव्हा आधीचे नाव कोठे टिपले जाते काय, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. चर्चच्या आवारात नवे सभागृह बांधावयाचे, कुंपणाची भिंत सरकवावयाची, वाहनांसाठी फरशी घालावयाची, अशा वेळी खालच्या जमिनीची विचारपूस करण्याचा परिपाठ आपण ठेवला पाहिजे. एकेकाळी ‘खाली काय आहे कुणास ठाऊक’ असे म्हणून पाया खणता येत असे. आता पाहण्याची सोय असताना न पाहणे हे अज्ञान राहत नाही. ती आपण केलेली निवड ठरते, आणि निवडीचा जाब द्यावा लागतो.

आणि कधी काळी आपल्याच अंगणात काही अप्रिय निघाले तर? चर्चवर प्रेम करणाऱ्याला अशा वेळी तिची अब्रू झाकावीशी वाटते. ती भावना आम्ही हलकी लेखत नाही. आईवरील प्रेमासारखीच ती आहे. परंतु टूमच्या त्या गृहिणीने कागद शोधले नसते, तर ७९६ नावे आजही कपाटातच राहिली असती, आणि ती तशी राहण्याने चर्चची अब्रू वाचली असती असे आम्हास वाटत नाही. फक्त तिच्या पापाचे वय वाढले असते. पापनिवेदनाला जाताना आपण सदसद्विवेकाचे परीक्षण करतो. कुणी आरोप करील तेव्हा पाहू, असे आपण त्या वेळी म्हणत नाही. व्यक्तीला लागू असलेली ही शिस्त धर्मग्रामाला आणि साऱ्या ख्रिस्तसभेलाही लागू असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. परीक्षणाअंती पाइन क्रीकप्रमाणे काही निघाले नाही, तर निर्दोषतेचे समाधान मिळेल. निघाले, तर पश्चात्तापाची संधी मिळेल. दोन्ही गोष्टी अंधारात चाचपडण्याहून बऱ्या.

या यंत्रांमुळे देवाच्या ज्ञानात काहीच भर पडत नाही. कोणते लेकरू कोठे निजले आहे हे त्याला प्रथमपासून ठाऊक आहे, आणि अखेरच्या दिवशी त्या प्रत्येकाला नावाने हाक मारण्यासाठी त्याला कुणाच्या नकाशाची जरुरी पडणार नाही. नकाशाची जरुरी आपल्याला आहे. ज्यांची नावे आपण हरवली त्यांना निदान आपल्या प्रार्थनेत त्यांच्या नावाने स्थान मिळावे, यासाठी.